हॉट स्टेज एक्सआरडी करून घ्यायचंय? संभाजीनगरातल्या एका लॅबचा अनुभव

पाचपैकी साडेतीन स्टार. हॉट स्टेज एक्सआरडी म्हणजे सॅम्पल तापवत त्यावर एक्स-रे टाकायचे आणि आतली क्रिस्टलची रचना कशी बदलते ते बघायचं. लॅबचं नाव लिहीत नाही, पीएचडीवाली पोरं ओळखतीलच असंही नाही, पैसे भरून सॅम्पल तपासून देणाऱ्या लॅब आता बऱ्याच झाल्यात.

माझं सॅम्पल बेरियम टायटनेट, नॅनो पावडर, सोबत भरड पावडरही. हे मटेरियल 120 डिग्री सेल्सियसच्या आसपास टेट्रागोनलचं (एका बाजूनं ताणलेली रचना) क्युबिक (सगळ्या बाजू सारख्या) होतं आणि तिथंच त्याचं फेरोइलेक्ट्रिकपण, म्हणजे आपोआप असलेलं विजेचं ध्रुवीकरण, संपतं. रूम टेम्परेचरला क्रिस्टलच्या सगळ्यात लहान घराची एक बाजू 4.03 अँगस्ट्रॉम, दुसरी 3.99, फरक जेमतेम एक टक्का, तेवढ्यावर ग्राफमध्ये 45 डिग्रीच्या कोनाजवळ (हे टेम्परेचर नव्हे) एका पीकचे, म्हणजे टोकाचे, दोन दिसतात आणि तापवलं की ते एक होतात. भरड पावडरीत हे लै भारी दिसलं, ऑपरेटर सरांनी स्कॅनही सावकाश घेतला, घाई केली नाही, माणूस चांगला आहे.

नॅनोत मात्र गोची. कण 20 नॅनोमीटरचे असले की पीक इतके रुंद होतात की दोन्ही एकात एक मिसळतात, वरून कॉपर ट्यूबची के-अल्फा-2 ची भानगड (एक्स-रेमध्ये जवळजवळ सारखी दुसरी तरंगलांबीही येते, तिचा वेगळा पीक पडतो), आणि रिपोर्टात सरळ 'क्युबिक' लिहून आलं! तेच सॅम्पल रामनला (लेझर टाकून अणूंची कंपनं मोजणारी तपासणी) लावलं तर 305 सेमी⁻¹ च्या आसपासचा टेट्रागोनलवाला पीक बसलाय की तिथं. म्हणून एक्सआरडीसोबत रामन घ्याच, पैसे वाचवू नका.

खरे स्टार कापले ते टेम्परेचरवर. थर्मोकपल (टेम्परेचर मोजणारी तार) होल्डरच्या खाली, पावडर वर, स्क्रीनवर 120 दिसलं म्हणजे पावडर 120 ला असंलच असं नाही, आणि आपला सगळा खेळ त्याच आकड्यावर. विचारलं शेवटचं कॅलिब्रेशन कधी केलं, तर उत्तरच नाही. पोटॅशियम नायट्रेटची रचना 129 डिग्रीच्या जवळपास बदलते, हा आकडा ठरलेला, ते टाकून आधी एक रन मारायला सांगा. होल्डर तापून फुगला की सगळे पीक सरकतात, त्यासाठी थोडं सिलिकॉन मिसळून द्या, त्याचे पीक कुठं पडायला हवेत ते माहीत असतं, त्यावरून सरकणं कळतं. चढताना आणि उतरताना दोन्ही स्कॅन मागा, दोन्हीकडं बदल एकाच टेम्परेचरला होत नाही.

थंड बाजू इथं होत नाही. 5 डिग्री सेल्सियसच्या खाली ऑर्थोऱ्होम्बिक (त्याच मटेरियलची थंडीतली तिसरी रचना) बघायचं असंल तर लिक्विड नायट्रोजन लागतं, ते आपल्याकडं जनावरांच्या दवाखान्यात सापडंल, या लॅबमध्ये नाही. मे महिन्यातही जाऊ नका, बाहेर 43 डिग्री आणि मशीन गार ठेवणारा चिलर दर तासाला ट्रिप करायलाय.

काहीजण विचारायलेत की एका कणाच्या आत काय बदलतं ते दिसंल का. नाही. हे लाखो कणांचं सरासरी उत्तर आहे. आतलं बघायला कोहेरंट (लाटा एका तालात असलेले) एक्स-रे लागतात, म्हणजे सिंक्रोट्रॉन (इलेक्ट्रॉन गोल फिरवून जोरदार एक्स-रे काढणारं मोठं यंत्र), शिकागोजवळच्या अॅडव्हान्स्ड फोटॉन सोर्ससारखा. एकाच क्रिस्टलच्या ब्रॅग पीकभोवती (क्रिस्टलच्या थरांवरून परतलेल्या एक्स-रेचा ठिपका) ज्या बारीक रेघा उमटतात त्यांच्यावरून कॉम्प्युटर लाटांचा फेज (लाट किती पुढं-मागं आहे) काढतो, आणि फेजवरून कुठला भाग किती सरकला, डोमेनची (एकाच दिशेच्या ध्रुवीकरणाचा भाग) भिंत कुठं आहे याचं 3D चित्र तयार होतं. बेरियम टायटनेटचे कण तापवत असं काम झालेलं आहे. आपल्याला जवळ इंदूरचं इंडस-2 हे सिंक्रोट्रॉन आहे, पावडरचे पीक तिथं बरेच स्वच्छ मिळतात, प्रपोजल टाकून बघा.

आणि लॅबकडून रॉ फाइल (मशीनचे मूळ आकडे) मागून घ्या, निस्ती पीडीएफ देऊन कटवायला बघतात.