खासगीतून सरकारी शाळेत: वर्ष संपत आल्यावरचा अनुभव

मुलगी दुसरीपर्यंत सीबीएसईच्या खासगी शाळेत होती. गेल्या जूनअखेर विदर्भातल्या शाळा उघडल्या तेव्हा तिला दक्षिण नागपुरातल्या, घराजवळच्या मराठी माध्यमाच्या सरकारी शाळेत तिसरीत घातलं. आता ओळखीतले पालक विचारत आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

सगळ्यात मोठा फरक वाचनात पडला. आधी ती इंग्रजी धडा घडाघडा म्हणायची, पण मधल्याच ओळीवर बोट ठेवलं की अडायची. अर्थ विचारला तर गप्प. घरी आम्ही मराठीच बोलतो. नव्या बाईंनी सुरुवातीला पुस्तक बाजूला ठेवून तिच्याकडून दुकानांच्या पाट्या वाचून घेतल्या, किराण्याची यादी लिहून घेतली. दिवाळीनंतर ती गोष्टींची पुस्तकं स्वतःहून मागायला लागली. गणितातली शाब्दिक उदाहरणं आता वाचून स्वतः मांडते. माझ्यासाठी एवढ्यातच सगळं आलं.

इंग्रजीचं काय, हे सगळेच विचारतात. राज्यात 2000 पासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी विषय आहे, पण तेवढ्याने बोलता येत नाही. तिचं इंग्रजी बोलणं मागे पडलंय. रोज संध्याकाळी मी घेऊन बसते. ज्यांच्या घरी असा वेळ देणारं कुणी नाही, त्यांनी हे आधी धरून चालावं.

फी नाही, पुस्तकं मोफत, दुपारी पोषण आहार. खिचडी किंवा वरणभात सगळी मुलं एका पंगतीत जेवतात. डब्यात भाजी शिरू न देणारी माझी मुलगी तिथे मटकीची उसळ मागून घेते.

त्रासही आहे. बाईंना निवडणुकीचं काम लागलं तेव्हा दोन वर्ग एकत्र बसवले आणि अभ्यास थांबला. कायद्याने शिक्षकांना हे काम देता येतं, पण वर्गाला बदली शिक्षक मिळत नाही, याचा मला अजून राग आहे. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी नव्हतं. शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के सदस्य पालक असतात. मी समितीत गेले, आम्ही आयांनी लेखी अर्ज दिला, पाठपुरावा केला, तेव्हा नळ सुरू झाला. सरकारी शाळेत मूल घालायचं तर समितीत जायचंच.

खासगी शाळेतलं मैदान आणि संगीताचा तास यांची उणीव भासते. एप्रिलच्या उन्हात नवं सत्र सुरू व्हायचं, त्याची मात्र नाही.

पहिलीत जाणाऱ्यांसाठी: विनाअनुदानित खासगी शाळांत 25 टक्के राखीव जागा असतात, पण त्या प्रवेशाच्या पहिल्या वर्गालाच. उत्पन्नाच्या किंवा प्रवर्गाच्या निकषात बसत असाल तर तो अर्ज चुकवू नका. आणि अनुदानित शाळाही बघा. तिथे शिक्षकांचा पगार सरकार देतं आणि शिक्षक बरेचदा अनुभवी असतात.

शाळा बघायला भर तासाच्या वेळी जा. तिसरीतल्या एखाद्या मुलाला न शिकवलेलं पान वाचायला सांगा. प्रत्येक वर्गाला स्वतंत्र शिक्षक आहे का, ते विचारा. प्राथमिकला 30 मुलांमागे एक शिक्षक असा नियम आहे. इमारतीचा रंग त्यानंतर बघा.

आमच्या बाई चौथीलाही याच वर्गाला राहणार आहेत, त्यामुळे पुढचं वर्ष आम्ही इथेच. पाचवीचं तेव्हा ठरवू.