चिनी बुद्धिबळ शिकायचंय? फेअरी-स्टॉकफिश घ्याच

ठाणे-वाशी लोकलमध्ये खेळायला आधी एक अ‍ॅप टाकलेलं, पण घोड्याचा पाय अडतो (अगदी शेजारी मोहरं असलं की त्या बाजूला घोडा जाऊ शकत नाही) हा नियमच त्यात नव्हता, काढून टाकलं. आता घरी नौपाड्यात लॅपटॉपवर फेअरी-स्टॉकफिश चालवतोय, फुकट आहे, ओपन सोर्स आहे, स्टॉकफिश या नेहमीच्या बुद्धिबळाच्या प्रोग्रामवरूनच बनवलंय आणि शियांगची (म्हणजेच चिनी बुद्धिबळ), शोगी (जपानी), मकरुक (थाई) सगळं खेळतं. हे नुसतं इंजिन, म्हणजे चाली शोधणारा प्रोग्राम आहे हां, पट दिसायला वेगळं सॉफ्टवेअर लागतं.

चिनी बुद्धिबळात तोफ मधल्या एका मोहऱ्यावरून उडी घेऊनच मारते ना, परवा इंजिनने माझंच मधलं प्यादं आड घेऊन राजाला शह दिला आणि नदी (पटाच्या मधली पट्टी) ओलांडेपर्यंत प्यादं सरळच जातं त्यामुळे बाजूला पण करता येईना, दहा मिनिटं पटाकडे बघत बसलो, काय सुंदर चाल होती!

लेव्हल कमी करून मुलीलाही शिकवतोय.