मोर्चानंतर जेवायला: रत्नागिरी स्टँडजवळची खानावळ

२८ सप्टेंबरला सुरक्षित गर्भपाताच्या हक्कासाठीच्या मोर्चात आईसोबत चालले. दोन तास उन्हात काढून या खानावळीत शिरलो. पाच टेबलं, सगळा कारभार काकींचा. आमचे फलक त्यांनी आपणहून भिंतीला टेकवले, आधी गार पाणी दिलं.

बांगडा ताजा, तांदळाची भाकरी मऊसूत. सोलकढी मात्र पातळ, नारळाला हात आखडलेला. पण इथे कोणी उठायची घाई करत नाही, आणि त्या दिवशी मला तेच हवं होतं. भाकरी मोडता मोडता आई म्हणाली, "तुझ्या पाठीवर पुन्हा दिवस गेले, तेव्हा डॉक्टरांनी बाबांची सही मागितली होती. बाबा मुंबईला. अठरा दिवस वाट बघितली गो." १९७१च्या गर्भपात कायद्यानुसार सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मला रडू आलं.

काकींचा भाकरी थापणारा हात थांबला. "पुढच्या वेळी मलाही हाक मारा," म्हणाल्या.

जायचं तर दीडच्या आत जा, नंतर मासे संपतात. भाकरी गरम मागून घ्या.