बी.ए.ला मानसशास्त्र घ्यावं की अर्थशास्त्र?

बारावीचा निकाल लागला की भाचरांचे फोन सुरू होतात. यंदा धाकटीचा प्रश्न हाच होता.

मानसशास्त्राची भुरळ लवकर पडते. आरशात बघत कागदावरची चांदणी पेन्सिलीने गिरवायची, हात भलतीकडेच जातो, चुका मोजायच्या, जर्नल लिहायचं. प्रॅक्टिकल म्हणजे हे. पण 'लोकांचं ऐकून घ्यायला आवडतं' एवढ्या भांडवलावर जाऊ नये. संख्याशास्त्र इथेही गाठतंच. आणि बी.ए.वर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची पाटी लावता येत नाही. त्यासाठी पुढचं मान्यताप्राप्त शिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. म्हणजे कमाई उशिरा. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

अर्थशास्त्रात पहिल्या वर्षी मागणी-पुरवठ्याचे आलेख, सगळं सोपं वाटतं. मग डेरिव्हेटिव्ह, म्हणजे कॅल्क्युलसचं गणित, येतं आणि दहावीनंतर गणिताला रामराम ठोकलेले हबकतात. गणित टिकवलं तर मात्र बी.ए.नंतरच बँका, डेटाची कामं यांची दारं किलकिली होतात. एम.ए.नंतर यूपीएससीची भारतीय आर्थिक सेवा परीक्षाही देता येते. शिकायला पुण्यात १९३० पासूनची गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था आहेच.

माझा कल अर्थशास्त्राकडे, कारण मधेच वाट बदलायची झाली तर ते सोयीचं पडतं. भाचीने मात्र दोन्ही विषयांची पाठ्यपुस्तकं ग्रंथालयातून आणली. आठवडाभराने बघितलं तर मानसशास्त्राच्या पुस्तकात बसची तिकिटं खुणेला खोचलेली. दुसरं कोरंच.