काचेवरचे मेण: फ्रीझर, कोमट पाणी की हेअर ड्रायर?

दिवाळीनंतर मेण साठलेले काचेचे पेले, मेणबत्तीदाण्या किंवा जुन्या हंड्या साफ करायला साधारणतः तीन उपाय सुचवले जातात. त्यांतून निवड करताना मेण किती साचले आहे यापेक्षा काच कशी घडवली आहे, हे आधी पाहावे.

फ्रीझरचा उपाय सर्वांत लोकप्रिय आहे, आणि आतून गुळगुळीत, तोंडाकडे रुंद होत जाणाऱ्या साध्या ग्लाससाठी तो योग्यही आहे. थंडीने मेण काचेपेक्षा कितीतरी जास्त आकसते. त्यामुळे त्याची चकती कडेने सुटते आणि ग्लास पालथा धरून बुडावर हलकेच थोपटले की बहुधा अखंड बाहेर येते. मात्र जाड बूड आणि पातळ कड असलेल्या पेल्याचे दोन्ही भाग सारख्या वेगाने थंड होत नाहीत, आणि त्या ताणाने एखादी न दिसणारी चीर वाढू शकते. नक्षी कोरलेल्या काचेत तर मेण खाचांत अडकून बसते.

अशा नाजूक वस्तूंसाठी माझा कौल कोमट पाण्याला आहे, वेळ लागला तरी. मेणबत्तीचे पॅराफिन साधारण ५० ते ६५ अंश सेल्सिअसला वितळते, पण ते मऊ झाले तरी पुरते. टबाच्या तळाशी जुना टॉवेल अंथरावा, वस्तू साध्या पाण्यात ठेवावी आणि कडेने गरम पाणी थोडे थोडे वाढवत न्यावे. उकळते पाणी थेट ओतू नये. प्रयोगशाळेतल्या भांड्यांसाठी वापरली जाणारी बोरोसिलिकेट काच ते बऱ्याच अंशी सोसते, कारण उष्णतेने तिचे होणारे प्रसरण साध्या काचेच्या जेमतेम एक तृतीयांश असते, परंतु शोभेची काच सहसा त्या जातीची नसते. तरंगणारे मेण गाळून घ्यावे, नाहीतर ते सिंकच्या पाइपात थिजते आणि प्लंबरला बोलवावे लागते.

पितळी बैठकीच्या किंवा झुंबराला जोडलेल्या, पाण्यात बुडवता न येणाऱ्या काचेसाठी हेअर ड्रायर बरा. तो मंद ठेवून सतत फिरवावा आणि मऊ मेण सुती फडक्याने टिपावे. आरसे चिकटवलेल्या दिव्यांवर मात्र तो नको, कारण उष्णतेने गोंदही सुटतो. तिथे फडक्यात गुंडाळलेला बर्फ लावून मेण बांबूच्या काडीने उचलावे.

उरलेला तेलकट थर भांड्यांच्या लिक्विडने जातो. सोनेरी कडेला घासणी लावू नये.