नवी स्विफ्ट घेतली: सेफ्टीत काय मिळालं, काय नाही आणि का

स्विफ्टचे रिव्ह्यू मायलेज आणि पिकअपवर ढिगाने आहेत, म्हणून ते एका ओळीत संपवतो. तीन सिलिंडरचं इंजिन आहे, पुण्याच्या ट्रॅफिकला पुरतं, कात्रजच्या चढावर एएमटी (आपोआप गिअर बदलणारी यंत्रणा) गिअर बदलताना जरा रेंगाळते, बास. मी गाडी घेतली ती सेफ्टीसाठी, कारण मागे आई आणि मुलगी बसतात, आणि त्यावर फारसं कोणी लिहीत नाही.

माझी व्हीएक्सआय, म्हणजे मधलं मॉडेल आहे. मे २०२४ मध्ये ही नवी स्विफ्ट आली तेव्हापासून अगदी बेस मॉडेललासुद्धा सहा एअरबॅग, ईएसपी (गाडी घसरायला लागली की सावरणारी यंत्रणा) आणि पाचही सीटना तीन पॉइंटचे बेल्ट मिळतात. शोरूममधला सेल्सवाला हे सगळं कंपनीने आपल्यावर उपकार केल्यासारखं सांगत होता. पण यातलं काय कंपनीने आपणहून दिलंय आणि काय कायद्याने द्यावंच लागतं हे माहीत असलं की गाडी निवडताना डोकं जागेवर राहतं. एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा), ड्रायव्हरची एअरबॅग, पुढच्या दोन्ही बेल्टचा रिमाइंडर, स्पीडचा अलर्ट, मागचे पार्किंग सेन्सर ही सगळी २०१९ पासूनची सक्ती, शेजारच्या सीटची एअरबॅग २०२१ ची. म्हणजे या गोष्टी कुठल्याही कंपनीच्या नव्या गाडीत असणारच, त्यासाठी कौतुक करायचं कारण नाही. सहा एअरबॅगचं मात्र वेगळं आहे. सरकारने जानेवारी २०२२ मध्ये मसुदा काढला, मग तारीख ऑक्टोबर २०२३ वर गेली आणि शेवटी गडकरींनी सांगितलं की सक्ती करणार नाही. तरी स्विफ्टमध्ये त्या सगळ्या मॉडेलना आल्या, तर हे मनापासून चांगलं केलंय आणि मी ते मान्य करतो.

आता स्पीड अलर्टचा तो ताशी ८० किमीचा बीप. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेला लागलात आणि ८० ओलांडलं की थोड्या थोड्या वेळाने वाजत राहतो, १२० च्या पुढे गेलात तर थांबतच नाही. ज्या एआयएस-१४५ या गाड्यांच्या मानकात हा नियम आहे ते आपल्या पुण्यातलीच एआरएआय ही वाहन संशोधन संस्था छापते, वेताळ टेकडीवरची. नियम चांगलाच आहे, पण तो आकड्याला बांधलेला आहे, रस्त्याला नाही. एक्सप्रेसवेला सपाटीवर कारला १०० ची मुभा आहे तिथे ९० ला बीप वाजतो आणि घाटात मर्यादा एकदम खाली येते तिथे ७५ ने उतरलात तरी गाडी गप्प.

माझा मावसभाऊ जर्मनीत असतो, तिकडे याच स्विफ्टमध्ये कॅमेरा आणि मॅप मिळून रस्त्याची मर्यादा वाचतात आणि तिच्या वर गेलं की गाडी टोकते. बंद करता येतं, पण पुढच्या वेळी गाडी चालू केली की परत आपोआप चालू. युरोपात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या कारला हे कायद्यानेच आहे, शिवाय समोर गाडी आली की आपोआप ब्रेक (माणूस ओळखणाऱ्या ब्रेकची सक्ती तेव्हा फक्त नव्याने मंजुरी घेणाऱ्या मॉडेलना, सगळ्या नव्या गाड्यांना जुलै २०२६ पासून), लेन सोडली तर सावरणं, झोप आली तर इशारा. आपल्या स्विफ्टमध्ये यातलं काहीही नाही, टॉप मॉडेललासुद्धा नाही. पैसे जास्त देतो म्हटलं तरी मिळत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. आपल्याकडे आपोआप ब्रेकचा मसुदा मार्च २०२५ मध्ये निघाला तो बस-ट्रकसारख्या मोठ्या गाड्यांसाठी, छोट्या कारला नाही. काही जण म्हणतात पुण्यात डावीकडून ॲक्टिव्हा घुसते, गाडी सारखी ब्रेक मारेल. मारू दे की! नगर रोडला रात्री डिव्हायडरमधून माणूस उतरतो तेव्हा मला तो ब्रेक हवाच आहे.

आणि एवढं सगळं असून युरोपातल्या स्विफ्टला युरो एनकॅपने (गाड्या आपटवून सेफ्टीला पाचपैकी स्टार देणारी संस्था) २०२४ मध्ये तीनच स्टार दिले. आधीच्या पिढीच्या दोन एअरबॅगवाल्या स्विफ्टला लॅटिन अमेरिकेतल्या तशाच लॅटिन एनकॅपने २०२१ मध्ये शून्य दिला होता आणि त्याच काळात युरोपात तीच गाडी सहा एअरबॅग घेऊन विकली जात होती. कारखान्याला सगळं येतं, फक्त कुठल्या देशात काय मागितलं जातं त्यावर ठरतं. शोरूममध्ये पाच स्टारचं सांगतील तर नीट ऐका, ग्लोबल एनकॅपचे ते पाच स्टार डिझायरचे आहेत, स्विफ्टचे नव्हेत, दोन्ही नावं एका दमात घेतात.

डिलिव्हरीच्या दिवशी ॲक्सेसरीवाल्याने सीट कव्हरसोबत बेल्टच्या खाचेत घालायची क्लिप पुढे केली, "सर, आवाज बंद होतो याने, सगळे घेतात." मला संताप आला. २०२३ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन दुकानांना याच क्लिपा काढून टाकायला लावल्या आणि इथे डीलरच्या काउंटरवर उघड विक्री. मी तिथल्या मॅनेजरला लेखी तक्रार दिली, उत्तर अजून नाही.

मागच्या बेल्टचं सांगायचं राहिलं. आई आधी "मागे कशाला रे, साडी चुरगळते" म्हणायची. आता मागे पण टुंग टुंग वाजतं, मुलगी म्हणते, "आजी, लाव ना गं, डोकं दुखतंय माझं," आणि आई लावते. मधल्या सीटचा बेल्ट पण पूर्ण खांद्यावरून येतो, आमच्या जुन्या गाडीत तो नुसता पोटावरचा होता.

रिव्हर्स कॅमेरा फक्त सगळ्यात वरच्या मॉडेलला आहे, बाकीच्यांना नुसते सेन्सर, कारण सक्ती तेवढीच. अमेरिकेत २०१८ पासून कॅमेराच सक्तीचा आहे. सोसायटीत लहान पोरं खेळत असतील तर बाहेरून बसवून घ्या. व्हीएक्सआयला स्क्रीन आहेच, फक्त वायर कापून जोडणाऱ्याकडे जाऊ नका, कपलरवाला कॅमेरा मागा आणि वॉरंटीवर परिणाम होणार नाही हे बिलावर लिहून घ्या.