चिनी बोलायला शिकताना: आधी नक्कल की आधी गप्पा?

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत नोकरी सांभाळून मँडरिन, म्हणजे प्रमाण चिनी, शिकायचं, तर दोन वाटा आहेत: रेकॉर्डिंग लावून मागोमाग तसंच्या तसं म्हणायचं, नाहीतर पहिल्याच आठवड्यापासून ऑनलाइन शिक्षकाशी बोलायचं.

माझं मत विचाराल, तर सुरुवातीला नक्कलच. चार सूर कानात बसल्याशिवाय गप्पांत नुसती तारांबळ उडते. 'मा' उंच सपाट सुरात म्हटला तर आई, खाली जाऊन वर आला (हा तिसरा सूर) तर घोडा. त्यात दोन तिसरे सूर लागोपाठ आले की त्यातला पहिला दुसऱ्या, म्हणजे चढत्या, सुरात म्हटला जातो. 'नी हाव' (नमस्कार) म्हणताना हेच होतं. नियम घोकण्यापेक्षा ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणा, मोबाइलवर आपला आवाज टेप करून मूळ आवाजाशी ताडून बघा. मराठी माणसाची इथे चंगळच आहे. पिनयिनमधला (चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहायची पद्धत) 'बी' जवळपास आपला प, 'डी' म्हणजे त, आणि 'झेड' चक्क 'चमचा'तला च! फक्त इंग्रजी वाचायची सवय बाजूला ठेवायची.

गप्पांत चूक तिथल्या तिथे कळते, समोरून भलतंच उत्तर येतं आणि डोकं चालवावं लागतं. रेकॉर्डिंग कधी टोकत नाही. पण वर्गाला पैसे पडतात, आणि चीनचं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास. नाशिकला रात्री ९ वाजता मोकळे झालात, तर तिकडे ११:३०. त्यापेक्षा सकाळी ७ ची वेळ घ्या.

महिनाभर नक्कल, मग आठवड्याला एक वर्ग. पहिल्या वर्गात आकडे आणि भाव विचारणं घ्या. चिनी पुरवठादाराशी बोलताना तेच आधी लागतं.